धूर बाटलीत कसा शिरला: बार्बेक्यू सॉसची पार्श्वभूमी

घरी बार्बेक्यू सॉस करायला घेतला की केचप, व्हिनेगर, साखर, मोहरी, तिखट इथपर्यंत कुणाचं अडत नाही. अडतं ते धुराशी. गॅसच्या शेगडीवर वीस मिनिटं रटरटणाऱ्या पातेल्यात लाकडाच्या धुराची चव आणायची कुठून? बहुतेक अमेरिकी पाककृतींमध्ये तिथे ‘अर्धा चमचा लिक्विड स्मोक’ असं लिहिलेलं असतं आणि त्या एका ओळीवरून भांडण जुंपतं. एका बाजूला वाटतं की हे रसायन आहे, घरच्या स्वयंपाकात त्याला थारा नको. दुसरी बाजू म्हणते की हा धूरच आहे, फक्त पाण्यात उतरवलेला. या वादाला शंभरावर वर्षं झाली. १९१३ मध्ये तो अमेरिकेतल्या कोर्टात गेला आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाने त्यावर आपल्यापुरता निकाल लावला. तो निकाल समजून घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: हा सॉस मुळात धुरकट नव्हताच.

कॅरिबियन बेटांवरची लाकडी माची, तिथे पोचलेले स्पॅनिश दर्यावर्दी, मग अमेरिकेच्या दक्षिणेत रुजलेली अख्खं डुक्कर भाजण्याची पद्धत, हा भाग बहुतेकांच्या वाचनात येऊन गेलेला असतो. तो सोडून देतो. सॉसच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की अठराव्या-एकोणिसाव्या शतकात व्हर्जिनिया आणि कॅरोलायनात जमिनीत चर खणून त्यात निखारे पसरत आणि वर जनावर भाजायला ठेवत. रात्रभर चालणारं हे काम बहुतांशी गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीयांच्या अंगावर पडे आणि त्यातलं कसबही त्यांचंच होतं. भाजता भाजता मांस कोरडं पडू नये म्हणून काठीला बांधलेल्या फडक्याने त्यावर पाणी मारायचं. हे पाणी म्हणजे व्हिनेगर, मीठ, लाल मिरची आणि कधी थोडं लोणी. आजच्या सॉसचा पूर्वज तो हा. त्यात धूर मिसळायचं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं, तो खालून फुकट मिळत होता.

शिवाय धुराशिवायही बार्बेक्यू होत असे, हे आजच्या शुद्धतावाद्यांना सांगितलं तर पटत नाही. १८२४ सालच्या व्हर्जिनियातल्या एका गाजलेल्या पाकपुस्तकात कोवळं डुक्कर ‘बार्बेक्यू’ करण्याची कृती आहे. त्यात लसूण आहे, रेड वाइन आहे, अळंब्यांचं केचप आहे आणि मांस भाजायचं आहे ते चक्क भट्टीत, पसरट भांड्यात पाणी घालून. टोमॅटो नाही, लाकडाचा धूर नाही.

प्रांतोप्रांतीचे भेद पुढे पक्के झाले. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर आणि मिरची. दक्षिण कॅरोलायनाच्या मध्य भागात जर्मन वसाहतवाल्यांच्या वळणाची पिवळी मोहरी. उत्तर अलाबामात १९२५ पासून मेयोनीजचा पांढरा सॉस. यांतल्या एकाही सॉसला आजही धुराचा वास लागत नाही. लाल, घट्ट, गोड आणि धुरकट सॉस ही कॅन्सस सिटीच्या नावावर जमा असलेली गोष्ट आहे, आणि तिथेही ती बरीच उशिरा आली. १९०७-०८ च्या सुमारास टेनेसीहून आलेल्या एका कृष्णवर्णीय स्वयंपाक्याने त्या शहरात ओक आणि हिकरीच्या लाकडावर भाजलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकायला सुरुवात केली. शहराच्या बार्बेक्यूची सुरुवात त्याच्यापासून धरतात. त्याचा सॉस मात्र झणझणीत होता, गोडव्याचा पत्ता नव्हता. आज त्याच शहराच्या नावाने जो काकवीसारखा ओघळणारा सॉस विकला जातो, तो त्याने बहुधा पावाला लावायच्या लायकीचाही मानला नसता.

गोडवा आला तो टोमॅटो केचपमधून. १८७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्याने बाटलीबंद टोमॅटो केचप बाजारात आणलं आणि पुढच्या तीसेक वर्षांत सॉस करणाऱ्यांच्या हाती आंबट-गोड, घट्ट आणि वर्षभर एकसारखा मिळणारा पाया आला. बाटलीबंद बार्बेक्यू सॉसची जाहिरात अटलांटाच्या वर्तमानपत्रात १९०९ मध्येच दिसते. देशभर खप असलेल्या मोठ्या कंपन्या त्यात १९४० च्या दशकापासून उतरल्या. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी कॅन्सस सिटीच्या एका बालमनोविकारतज्ज्ञाने आपल्या घरचा, मळी घातलेला घट्ट सॉस विकायला काढला. १९८६ मध्ये तो ब्रँड विकत घेतला बार्बेक्यूचा कोळसा बनवणाऱ्या कंपनीने. कोळसा विकणाऱ्याला सॉसची बाटली हवीशी वाटावी, यातच त्या काळाचं बरंच काही आलं.

कारण मधल्या काळात विस्तव बदलला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मध्यमवर्ग उपनगरांत राहायला गेला. मागच्या अंगणात चर खणून रात्रभर डुक्कर भाजणं शक्य नव्हतं. १९५२ मध्ये शिकागोजवळ पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे पत्र्याचे गोळे बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या माणसाने तसाच गोळा मधून कापून झाकणाची गोल शेगडी केली. तिच्यात दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या जाळत. १९६० च्या दशकात गॅसवरची ग्रिल आली, तेव्हा लाकूडही गेलं आणि कोळसाही. रात्रभराचं काम अर्ध्या तासावर आलं. अर्ध्या तासात मांसाला धुराची चव लागत नाही, गॅसच्या ज्योतीवर तर नाहीच. भट्टीतून गेलेला धूर मग बाटलीतून परत आणावा लागला. म्हणजे धुरकट सॉस ही बार्बेक्यूची परंपरा नसून ती परंपरा घरात न मावल्यामुळे काढलेली पळवाट आहे. माझ्या मते यात कमीपणा काहीच नाही. फक्त तिला ‘अस्सल’ म्हणून मिरवू नये.

आता मूळ वादाकडे. लाकूड बंद भांड्यात तापवून निघणारी वाफ थंड केली की तांबूस, आंबट, उग्र वासाचं पाणी मिळतं, हे युरोपात सतराव्या शतकापासून माहीत होतं. १६५८ मधल्या लिखाणात त्याचा औषध म्हणून उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात त्यापासून अ‍ॅसेटिक आम्ल काढत. अन्नात घालायचं प्रमाणित उत्पादन म्हणून ते बाटलीत भरून विकलं १८९५ मध्ये, कॅन्सस सिटीतल्याच एका औषधविक्रेत्याने. कंपनीची आवडती गोष्ट अशी की तो पोरवयात छापखान्यात कामाला असताना शेगडीच्या धुराड्याच्या सांध्यातून काळे थेंब टपकताना त्याने पाहिले. बाहेरच्या थंड हवेने धूर सांध्यापाशी थिजत होता. थेंब चाटून पाहिला तर चव थेट धुराची. गोष्ट थोडी घासूनपुसून चकचकीत केलेली वाटते, पण त्यातलं विज्ञान बरोबर आहे. त्याचं गिऱ्हाईक सुरुवातीला सॉसवालं नव्हतंच. शेतावर डुक्कर कापणारी कुटुंबं हिवाळ्यात हॅम टिकवायला धुरीघरात आठवडे घालवत. त्याऐवजी मांसावर हे पाणी ब्रशने लावा, असा त्याचा सांगावा होता.

१९०६ मध्ये अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला आणि लेबलांची तपासणी सुरू झाली. या बाटलीवर ती थिजवलेला धूर असल्याचं लिहिलेलं होतं. सरकारचं म्हणणं, लाकूड उघड्यावर जळून झालेला हा धूर नव्हेच, तेव्हा लेबल दिशाभूल करणारं आहे. १९१३ मध्ये निकाल औषधविक्रेत्याच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी जवळजवळ चिमटाच काढला: हा धूर ज्वलनातून आलेला नाही हे दाखवायला गेलेल्या सरकारने, लेबलावर सांगितलंय अगदी त्याच तऱ्हेने तो तयार होतो, हेच सिद्ध करून दाखवलंय.

निकाल फक्त लेबलावरच्या नावाबद्दल होता, आरोग्याचा प्रश्न त्यात आलाच नाही, हे मात्र नंतर सोयीस्करपणे विसरलं गेलं. ‘कोर्टानेच धूर म्हटलंय’ हा युक्तिवाद पुढे पन्नास वर्षं पुरला. १९६३ मध्ये अमेरिकेत नव्या पद्धतीचं पेटंट निघालं. लाकडाचा भुसा कमी हवेत धुमसवायचा, निघालेला धूर मनोऱ्यात वर सोडायचा आणि वरून पाणी खाली सोडायचं. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवत हवा तेवढा धूर त्यात मुरवायचा. मग ते काही काळ स्थिर ठेवलं की डांबरासारखा भाग खाली बसतो, तो गाळून टाकायचा. आज बाजारात मिळणारा हिकरी किंवा मेस्किटचा अर्क साधारण असाच तयार होतो. मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळरानं व्यापून बसलेल्या वेड्या बाभळीच्या घराण्यातलं झाड. त्या लाकडाचा उग्रपणा ज्याने तिचा जाळ केलाय त्याला सांगायला नको.

चव कुठून येते, तेही इथे सांगून टाकतो, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे. लाकडात तीन मुख्य घटक असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोघांपासून आम्लं आणि मांसाला तांबूस रंग देणारी कार्बोनिल संयुगं मिळतात. ज्याला आपण धुराची चव म्हणतो, ती बरीचशी लिग्निन फुटून निघणाऱ्या ग्वायकॉलची आणि वास सिरिंगॉलचा. लिग्निन साधारण ३०० अंशांच्या पुढे फुटायला लागतं. त्याच तापमानाला नको असलेली संयुगंही तयार होतात. बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक संयुग त्यातलं सर्वांत बदनाम. ते डांबरात जातं, म्हणून डांबर गाळलेला अर्क धुरीघरातल्या मांसापेक्षा निर्धोक, असा समज तयार झाला. हा समज फक्त कंपन्यांचा नव्हता. युरोपीय संघाने २००३ मध्ये धुराच्या अर्कांसाठी नियम केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं होतं की पारंपरिक धुरीपेक्षा हे अर्क आरोग्याच्या दृष्टीने सर्वसाधारणपणे कमी चिंतेचे मानले जातात. त्या नियमाने मूळ अर्कात बेन्झोपायरीनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आणि प्रत्येक उत्पादकाच्या अर्काला वेगळी परवानगी लागेल असं ठरवलं. परवानग्या १ जानेवारी २०१४ पासून दहा वर्षांसाठी मिळाल्या.

मुदत संपत आली तेव्हा आठ अर्कांचं नव्याने मूल्यमापन झालं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा निष्कर्ष बाहेर आला. सहांबाबत जनुकांना इजा करण्याची क्षमता असल्याचं ठाम मत आलं. उरलेल्या दोघांबाबत ती शक्यता नाकारता येत नाही असं. या वेळी बोट बेन्झोपायरीनकडे नव्हतं. कॅटेकॉल आणि फ्युरॅनोन जातीचं एक संयुग, ही दोन्ही अर्कांत सापडली, आणि ती डांबरात न जाता पाण्यातच राहतात. गाळून ती जात नाहीत. जनुकांना इजा करणाऱ्या पदार्थाचं अमुक प्रमाण सुरक्षित असं ठरवता येत नाही, असा तिथला संकेत आहे. त्यामुळे ‘अर्ध्या चमच्याने काय होतंय’ हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नाही. धोका किती, हे माणसाच्या वयावर, अनुवंशावर, एकूण आहारावर अवलंबून राहील, असंही मूल्यमापन करणाऱ्यांनी सांगितलं. २०२४ मध्ये परवानग्यांचं नूतनीकरण नाकारलं गेलं.

निर्णयाचा खरा तिढा मुदतींमध्ये आहे. हॅम, मासे, चीज अशा पदार्थांत अर्क पारंपरिक धुरीच्या जागी वापरला जातो, तिथे १ जुलै २०२९ पर्यंत सवलत. जिथे तो नुसता चवीसाठी घातला जातो, म्हणजे सूप, चिप्स आणि सॉस, तिथे १ जुलै २०२६ पर्यंतच. बार्बेक्यू सॉस दुसऱ्या यादीत पडला. म्हणजे ज्या पदार्थात अर्काचं प्रमाण चिमूटभर आणि जो खाल्ला जातो चमचाभर, त्यावर आधी गदा. आणि ज्या हॅमचे काप रोज पावात जातात त्याला तीन वर्षं जास्त. कारण दिलं गेलं ते उत्पादनपद्धत बदलायला लागणाऱ्या वेळाचं. ते व्यवहाराला धरून आहे, पण आरोग्याच्या तर्काशी त्याचा मेळ कसा लावायचा हे मला तरी उमगलेलं नाही.

दुसरा तिढा याहून मोठा. लाकडाच्या खऱ्या धुरावर भाजलेलं किंवा धुरावलेलं अन्न या निर्णयाच्या बाहेर आहे. त्याला वेगळ्या मर्यादा आहेत: धुरावलेल्या मांसात बेन्झोपायरीन किलोमागे २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. कॅटेकॉल खऱ्या धुरातही असतं, कारण ते त्याच लाकडातून येतं. उत्पादकांनी हाच मुद्दा लावून धरला. उलट बाजूचं म्हणणं असं की विस्तवाला परवाना देता येत नाही, बाटलीला देता येतो. जे मुद्दाम मिसळलं जातं त्याची जबाबदारी मिसळणाऱ्याची. दोन्ही बोलणी आपापल्या जागी खरी आहेत. खटकतं ते एवढंच की निर्णय जाहीर झाल्यावर अनेक पाककृती लिहिणाऱ्यांनी ‘लिक्विड स्मोक घातक, कोळशावर भाजा’ असा अर्थ काढला. निर्णयात तसं एक अक्षरही नाही. निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीच्या धुराबद्दल अन्नशास्त्रात कुणी चांगलं बोललेलं आठवत नाही. अमेरिकेत अर्क विकायला आणि वापरायला आजही मोकळीक आहे.

घरी सॉस करणाऱ्याला मग उरतं काय? वाळवून धुरावलेल्या मिरच्या हा सर्वांत सोपा मार्ग, आणि तो लिक्विड स्मोकपेक्षा कितीतरी जुना. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात ला व्हेरा खोऱ्यात शरद ऋतूत पाऊस पडतो, मिरची उन्हात वाळत नाही. म्हणून ती माळ्यावर पसरून खाली ओकचं लाकूड धुमसवतात. साधारण दोन आठवडे, रोज हाताने परतत. त्या मिरचीची पूड म्हणजे स्मोक्ड पॅप्रिका. मेक्सिकोत पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावून चिपोटले करतात; तिच्यात तिखटही असतं. या दोन्हींत धूर मिरचीत मुरलेला असतो, त्यामुळे सॉसमध्ये तो अर्कासारखा एकदम अंगावर येत नाही. पूड थोड्या गरम तेलात आच बंद करून घातली तर खुलते. तापत्या तेलात टाकली की करपते आणि कडवट होते.

आपल्याकडचा मार्ग धुंगाराचा. सॉस घट्ट झाला की पातेल्यात मधोमध स्टीलची वाटी ठेवायची, तिच्यात गॅसवर लालबुंद केलेला लोणारी कोळशाचा खडा, वर अर्धा चमचा तूप, आणि पांढरा धूर उसळला की लगेच झाकण. पाच-सात मिनिटांत वास धरतो. त्याहून जास्त ठेवलं तर घशाला लागतो. मात्र हा बार्बेक्यूचा धूर नव्हे. कोळसा पाडताना लाकडातलं लिग्निन भट्टीतच जळून गेलेलं असतं, त्यामुळे खड्याला स्वतःचा वास जवळपास नसतो. येतो तो तापलेल्या तुपाचा. दाल किंवा कोशिंबिरीला तो शोभतो, केचप आणि व्हिनेगरच्या सॉसमध्ये थोडा परका वाटतो. तुपाऐवजी निखाऱ्यावर आंब्याच्या किंवा बाभळीच्या सुक्या लाकडाची बोटभर ढलपी ठेवली तर चव अमेरिकी सॉसच्या बरीच जवळ जाते. प्लायवूड किंवा पॉलिश मारलेलं लाकूड अर्थातच नको. खानदेशात भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, तिथेही काम लाकडाच्या धुराचं आहे. भाजलेल्या वांग्याच्या जागी टोमॅटो आणि कांदे तसे भाजून सॉसचा पाया केला तर अर्काची गरज उरत नाही.

झाकणाची शेगडी असेल तर सॉस पसरट ट्रेमध्ये ओतून उघडाच कोपऱ्यात ठेवायचा, खाली भिजवलेल्या नव्हे तर सुक्या ढलप्या. ओल्या आणि तुलनेने थंड पृष्ठभागावर धूर जास्त बसतो, म्हणून सॉस आधी उकळून नेण्यात फायदा नाही. पाऊण तासात दोन-तीनदा ढवळला की पुरे.

अर्कच वापरायचा असेल तर दोन कप सॉसला पाव चमच्यापासून सुरुवात करावी आणि तो शेवटी घालावा. ग्वायकॉल उडून जातं, आम्लं मागे राहतात, त्यामुळे सुरुवातीपासून उकळलेल्या सॉसला धुराऐवजी औषधाची चव येते. मळीच्या जागी काकवी चालते, पण साखर काढून उरलेल्या मळीचा कडसरपणा अख्ख्या रसाच्या काकवीत नसतो. अमेरिकी पाककृतींत चमचाभर वूस्टरशर सॉसही घालतात. त्यात व्हिनेगरबरोबर चिंचही असते, तेव्हा बाटली नसेल तर चिंचेचा कोळ थेट घातला तरी हरकत नाही.